बोटीवर राहताना एकटं पडायला होतं का? बंदरातल्या इतर बोटवाल्यांशी ओळखी कशा होतात?

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर दोघांनीच शिडाच्या बोटीवर राहायला गेलात तर एकटं पडायला होईल का, आणि तुमच्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला तिथल्या मंडळींत शिरता येईल का. मी आणि माझा नवरा सहा वर्षं साडेदहा मीटरच्या बोटीवर राहतोय. एकटेपणाची काळजी सोडा. करायचीच तर एकांत मिळेल का याची करा.

बोटवाले इतके मनमिळाऊ कसे, याचं मलाही सुरुवातीला नवल वाटायचं. वाटायचं, समुद्राकाठी राहून माणसं मोकळी होत असतील. कारण त्याहून साधं आहे. जमिनीवर शेजाऱ्याचं घर रात्री सरकत येऊन आपल्या घरावर आपटत नाही. इथे आपटतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही ओहोटीच्या वेळी नांगर टाकला. खोली पाच मीटर दाखवत होती. खोलीच्या पाचपट साखळी सोडायची एवढं ऐकून होतो, म्हणून मोजून पंचवीस मीटर सोडली आणि खुशीत चहा टाकला. थोड्या वेळाने मागच्या बोटीवरचे एक आजोबा डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, वल्हवत आले, आमच्या बोटीला दोन टकटक केल्या आणि विचारलं, "साखळी किती सोडलीत?" सांगितलं. "भरती धरलीत?" धरली नव्हती. पाणी अजून दोन मीटर चढणार होतं. शिवाय साखळी निघते ती बोटीच्या पुढच्या टोकावरून, पाण्यापासून एक मीटर उंचावरून. तेही हिशेबात घ्यावं लागतं. म्हणजे पाचाच्या जागी आठ, आणि आठाला पंचवीस म्हणजे जेमतेम तिप्पट. पाचपट म्हणजे चाळीस हवी होती, वारा वाढणार असेल तर सातपट, छप्पन. साखळी लांब असली की नांगरावरचा ओढा आडवा राहतो आणि नांगर तळात रुततो. ओढा वरच्या बाजूला यायला लागला की तो उखडतो.

मग साखळी वाढवावी म्हटलं, तर तेही जमेना. साखळी जितकी लांब, तितकं बोट वाऱ्याबरोबर फिरते ते वर्तुळ मोठं, आणि आमचं नवं वर्तुळ थेट आजोबांच्या बोटीला भिडत होतं. आधी आलेल्याची जागा आधी, नंतरच्याने दूर जायचं, हा सगळीकडचा अलिखित नियम. नांगर उचलून पुन्हा टाकला. आजोबा तोवर आपल्या डिंगीत बसून बघत होते. वारा आमच्याकडून त्यांच्या बोटीकडे वाहत होता, आमचा नांगर सुटला असता तर आम्ही त्यांच्यावरच जाणार होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणजे ते आमच्या प्रेमापोटी आले नव्हते. आमची मैत्री मात्र तिथूनच सुरू झाली.

अशीच एक रात्र पुढे दोन वर्षांनी आली. रात्री दीडच्या सुमाराला पावसाची जोरदार सर आली आणि वारा एकदम उलटा फिरला. वाऱ्याने दिशा बदलली की रुतलेला नांगर कधी कधी सुटतो आणि पुन्हा धरत नाही. आमच्या पलीकडची एक बोट मागे मागे जायला लागली, आणि तिच्यावर कोणी नव्हतं. मालक किनाऱ्यावर मुक्कामाला गेलेले. कोणीतरी रेडिओवर ओरडलं. पाच मिनिटांत तीन डिंग्या तिला चिकटल्या. दोघांनी वर चढून उरलेली सगळी साखळी सोडली, नवऱ्याने आमचा जादा नांगर डिंगीत घालून लांब नेऊन टाकला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवायचा नाही हा तिथला मोठा शिष्टाचार, पण अशा वेळी कोणी तो पाळत बसत नाही. सकाळी मालक परतले तेव्हा बोट ठेवली होती तिथे नव्हती आणि तिच्यावर दोन अनोळखी माणसं ओल्या कपड्यांत झोपलेली.

आता ओळखी कशा होतात ते. तुम्हाला फारसं काही करावंच लागत नाही, कारण रेडिओ आहे. व्हीएचएफ, म्हणजे बोटींवरचा जवळच्या अंतराचा रेडिओ, त्याचा चॅनेल 16 संकटाच्या हाकेसाठी आणि एकमेकांना पुकारण्यासाठी. तिथे गप्पा मारायच्या नाहीत, पुकारून दुसऱ्या चॅनेलवर जायचं. जिथे बऱ्याच बोटी महिनोन्महिने थांबतात तिथे बहुतेक वेळा सकाळी ठरलेल्या वेळी एका चॅनेलवर सगळे जमतात. आळीपाळीने कोणीतरी सूत्रं घेतं. आधी कोणी अडचणीत आहे का, मग हवामान, मग कोण नवीन आलं, कोण निघालं, कोणाला पंपाचं रबर हवंय, कोणाकडे जादा दोर पडलाय. नवीन आलेल्यांनी फक्त बोटीचं नाव सांगायचं. दुपारपर्यंत कोणीतरी डिंगीतून येतंच.

एक सावधगिरी: रेडिओवर खासगी काही नसतं. तुम्ही दोघं चॅनेल बदलून दुसरीकडे गेलात की आणखी दहा जण गुपचूप मागोमाग येतात. आमचं एक नवरा-बायकोचं भांडण संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदराला ठाऊक झालं होतं, आणि दोन बोटींनी मध्यस्थीची तयारीही दाखवली.

बोलकेपणापेक्षा इथे हाताला काय येतं त्याला भाव आहे. आमच्या बोटीवर नवरा शिवणयंत्र चालवतो, मी इंजिन बघते. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडतं. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं आणि बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. एवढ्या एका कामावर मी निम्म्या बंदरात ओळख कमावली. पैसे कोणी देत-घेत नाही. आपलं फाटलेलं शीड कोणीतरी धरून ठेवतं, एवढंच.

मरिनात धक्क्याला बांधून राहणं आणि नांगरावर राहणं यांत फरक आहे. धक्क्याला नळ असतो, वीज असते, येणारा-जाणारा डोकावतो. तिथे येणाऱ्या बोटीचा दोर पकडायला हातातलं काम टाकून जायचं. तिथे शेजाराचा एक छुपा त्रासही असतो. धक्क्यावरची वीज घेतली की अर्थिंगच्या तारेतून शेजारपाजारच्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, खाली खारं पाणी असतंच, आणि सगळ्यांच्या बुडाखालच्या वेगवेगळ्या धातूंची मिळून एक बॅटरी तयार होते. आमच्या बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यावरचं जस्त, जे गंजून बाकीच्या धातूला वाचवण्यासाठीच बसवलेलं असतं, ते नांगरावर वर्षभर टिकायचं. मरिनात चार महिन्यांत खलास झालं. आमचं जस्त शेजाऱ्यांच्या बोटी सांभाळत होतं. अर्थिंगच्या तारेतला हा प्रवाह अडवणारं गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचं उपकरण बसवल्यावर हा परोपकार थांबला.

बाकी गैरसोयी तुम्ही ऐकल्याच असतील. आमची टाकी तीनशे लिटरची. दोघांत रोज वीस लिटरवर भागवलं तर पंधरा दिवस. संडास हातपंपाचा, आणि तो तुंबला तर दुरुस्त करणारे तुम्हीच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळात साचून राहतो, म्हणून वापर झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा. शेजाऱ्यांसाठी पाळायचं म्हणाल तर रात्री जनरेटर लावू नका, डिंगी हळू हाका, आणि शीड चढवायचे दोर डोलकाठीपासून लांब ताणून बांधा. वाऱ्यात ते काठीवर टकटक आपटतात आणि झोप मात्र शेजाऱ्याची मोडते.

खरा त्रास माणसं जाण्याचा आहे, त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. वादळांचा हंगाम सगळ्यांना हलवतो. उत्तर अटलांटिकमध्ये तो अधिकृतपणे 1 जून ते 30 नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्याआधीच्या काही आठवड्यांत चांगलं हवामान मिळालं की एका सकाळी सात बोटी निघून जातात आणि रेडिओ एकदम शांत होतो. पहिल्या वेळी मी दोन दिवस जेवले नाही नीट. 1952 साली कॅलिफोर्नियात बोटीवर राहणाऱ्या मोजक्या मंडळींनी सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन काढली, तेव्हाही त्यांचा मुख्य उद्योग एकमेकांची पत्रं छापून सगळ्यांना पाठवणं हाच होता. कोण कुठे आहे, तिथे नांगर धरतो का, लोक कसे आहेत. आज फोनवर तेच चालतं.

तुमच्या कमी बोलण्याचं म्हणाल, तर ते पहिले आजोबा आठवा. दोन महिन्यांत त्यांनी माझ्याशी वीसेक वाक्यं बोलली असतील, त्यांतली निम्मी साखळीबद्दल. तरी सगळं बंदर त्यांचं ऐकायचं. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही. फोनमध्ये नंबर बोटीच्या नावाने आहे. गेल्या वर्षी भर समुद्रात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना एआयएसच्या, म्हणजे आसपासच्या बोटींची नावं आणि जागा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर तेच नाव दिसलं, पाच मैलांवर. 16 वर पुकारलं, चॅनेल बदलला. बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "हल्ली भरती धरता ना?"