टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) बाजूला घाई नको

मेडिकल कॉलेजला एसीएलच्या (गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट नव्याने बसवण्याच्या) केसेस सुरू करतोयस, म्हणून सांगतो. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवलेली मांडीमागच्या स्नायूची कंडरा) टनेलमधल्या, म्हणजे त्यासाठी पाडलेल्या बोगद्यातल्या, हाडाला धरायला साधारण 8 ते 12 आठवडे घेतो. तोवर सगळी भिस्त फिक्सेशनवर, म्हणजे ग्राफ्ट पकडून ठेवणाऱ्या बटण-स्क्रूवर. फीमरचं (मांडीच्या हाडाचं) बटण पलटून हाडाला टेकलं का, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असतानाच्या एक्स-रेवर) बघच. मध्ये स्नायू अडकला तर पुढे ग्राफ्ट सैल पडतो. टिबियाची बाजू मात्र खरी कमजोर: हाड मऊ, आणि ओढ थेट टनेलच्या रेषेत. ग्राफ्ट ताणून धर, गुडघा 15-20 वेळा वाकव-सरळ कर, मग जवळजवळ सरळ ठेवूनच स्क्रू फिरव. पकड पोचट वाटली तर स्टेपलचा (हाडात ठोकायच्या धातूच्या पिनेचा) जोड दे, संकोच नको. काटोलकडचा शेतकरी पेशंट लवकरच वावरात उतरणार, हे धरूनच चाल. सुट्टी देण्याआधी त्याच्यापाशी बसून नीट समजाव.