कॅसेटी संगणकात उतरवताना

आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी उतरवायच्या म्हणतोस, तर सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न शेवटी. आधी डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, बघ. इयरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड (टेप ज्याला घासून वाजते तो भाग) पूस, कापूस तपकिरी निघायचा थांबेपर्यंत. मग हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ. कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याचा कोन तुझ्या डेकशी जुळतोच असं नाही, आणि मग टाळ बोथट येतात. कॅसेट चालू ठेव, आवाज मोनो (डावा-उजवा एकत्र) कर, हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरव. टाळ खुलले की थांब. इथे हरवलेलं नंतर इक्वलायझरने धड परत येत नाही.

केबल डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये. माइकच्या भोकात नको. रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. 96 घेतलंस तर फाइलच फुगेल. सगळ्यात मोठा गजर उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू दे. शून्याला धडकून आवाज फाटला की गेला. डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर दाबणाऱ्या सोयीचं बटण, कॅसेट डॉल्बीत भरली असेल तरच.

मूळ वेव्ह (WAV) फाइलला, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या फाइलला, हात लावू नकोस. खरखर काढायची ती कॉपीवर, तीही बेतानं, नाहीतर बुवा पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात. एमपी-थ्री फक्त नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी.