गोव्यातील 18 दिवसांच्या चित्रीकरणासाठी प्रॉडक्शन सॉफ्टवेअर घ्यावे, की एक्सेल पुरेल?

आपला प्रश्न असा आहे की पहिला मराठी चित्रपट डिसेंबरमध्ये गोव्यात 18 दिवसांत चित्रित करायचा आहे, पटकथा 90 पानांची आहे, युनिट साधारण 40 जणांचे आहे, आणि निर्मात्यांच्या मते एक्सेल असताना चित्रीकरणाचे शेड्यूल आखणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याची गरज नाही. मी फोंड्याचा असून गेली काही वर्षे गोव्यातील चित्रपटांवर सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. आपल्या आकाराच्या कामासाठी सॉफ्टवेअर अवश्य घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. तीन-चार दिवसांच्या लघुपटाला एक्सेल पुरते. 18 दिवसांना पुरत नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः अनुभवले आहे.

एका चित्रपटाचे संपूर्ण शेड्यूल आम्ही एक्सेलमध्ये केले होते. सहाव्या दिवशी एक कलाकार आजारी पडला, म्हणून रात्री साडेदहाला दोन दृश्यांची अदलाबदल केली आणि नवी फाइल व्हॉट्सॲपवर टाकली. कॉस्च्युम विभागातील मुलीकडे मात्र दुपारची फाइल उघडी होती. सकाळी आम्ही रायबंदरहून फेरीने चोडणला उतरलो, कॅमेरा लागला, आणि आईच्या भूमिकेतील अभिनेत्रीचे हिरवे नऊवारी पणजीतच राहिल्याचे लक्षात आले. ते येईपर्यंत पावणेदोन तास गेले आणि सकाळचे ऊन हातचे गेले. त्या मुलीचा त्यात काही दोष नव्हता. आमच्याकडे शेड्यूलच्या पाच प्रती पाच जणांकडे होत्या आणि त्यांतली खरी कोणती हे फाइलच्या नावावरून कळत नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये शेड्यूल एकच असते. दृश्य हलवले की त्याचे कलाकार, कपडे, सामान आणि वाहने त्याच्याबरोबर हलतात आणि कॉल शीट, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता कुठे यायचे याचा कागद, त्या बदलातूनच तयार होते.

हे जमते ते ब्रेकडाउनमुळे, म्हणून सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा. प्रत्येक दृश्य वाचून त्यात लागणारी माणसे, वस्तू, कपडे, प्राणी, वाहने, विशेष यंत्रे यांची नोंद करायची, आणि दृश्याची लांबी पानाच्या आठव्या हिश्शांत मोजायची. आपल्या 90 पानांचे 720 आठवे हिस्से होतात, म्हणजे 18 दिवसांत रोज 40, अर्थात पाच पाने. नवख्या युनिटसाठी हा वेग कठीण आहे, हे निर्मात्यांना आताच दाखवावे. नोंदी झाल्या की प्रत्येक दृश्याची एक पट्टी तयार होते. पूर्वी या पट्ट्या खरोखरच पुठ्ठ्याच्या असत आणि लांब फळीवर खोचल्या जात. त्यांचे रंग आजही रूढ आहेत: दिवसाचे अंतर्दृश्य पांढरे, दिवसाचे बाह्यदृश्य पिवळे, रात्रीचे अंतर्दृश्य निळे आणि रात्रीचे बाह्यदृश्य हिरवे. बोर्डावर पिवळ्यांमध्ये एकच हिरवी पट्टी अडकलेली दिसली की त्या रात्रीनंतर युनिटला पुरेशी झोप मिळणार आहे का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

मराठी पटकथेबाबत एक अडचण आधीच सांगतो, कारण ती बहुतेकांना उशिरा कळते. ही सॉफ्टवेअर इंग्रजी पटकथा गृहीत धरून बनवलेली आहेत. दृश्याची सुरुवात ती रोमन लिपीतील ‘INT.’ (अंतर्दृश्य) आणि ‘EXT.’ (बाह्यदृश्य) या खुणांवरून ओळखतात. ‘अंतर्गत’ किंवा ‘बाह्य’ लिहिले तर नव्वद पानांचे एकच दृश्य समजले जाण्याची शक्यता असते. शीर्षके रोमनमध्ये ठेवावीत आणि संवाद देवनागरीत. फाउंटन या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहीत असाल तर ओळीच्या आरंभी एक टिंब दिले की ती ओळ दृश्यशीर्षक धरली जाते, मग लिपी कोणतीही असो. दुसरे असे की एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट हा ठोकताळा विशिष्ट इंग्रजी टंक आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत तो बिघडतो, त्यामुळे घड्याळ लावून दृश्ये मोठ्याने वाचावीत आणि येणारी वेळ नोंदवावी. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी जोडाक्षरे असलेली दोन पाने त्यात घालून पीडीएफ काढून पाहावी. अक्षरे तिथे तुटत असतील तर पुढे कॉल शीटमध्येही तुटतील.

आता गोव्याविषयी. सॉफ्टवेअरच्या तयार यादीत कलाकार, कपडे, वाहने असे रकाने असतात. भरती-ओहोटी, फेरी आणि परवाना हे रकाने आपल्याला स्वतः जोडावे लागतात. माझ्या एका चित्रपटात मुलगा पहाटे खाजन शेतातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातल्या, मानशीपाशी येतो आणि झडपेतून सुटणाऱ्या पाण्याकडे पाहत उभा राहतो, असे एक पान आणि तीन अष्टमांशांचे दृश्य होते. मानस म्हणजे बांधातले लाकडी दार. भरतीच्या पाण्याने ते आपोआप मिटते आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आम्हाला पहाटेचा उजेड आणि सुटणारे पाणी ही दोन्ही एकाच वेळी हवी होती. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ही जुळणी पंधरवड्यातून दोन-तीन दिवसच होते. मुरगाव बंदराचे भरतीचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो. ते घेऊन आम्ही मानस सांभाळणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी तक्त्याकडे न पाहताच सांगितले, “षष्ठीच्या आसपास या, उजाडताना पाणी जोरात सुटलेले असेल.” मुरगावच्या वेळेत नदीच्या आतल्या भागातला उशीर मिळवून आम्ही हिशेब केला, तेव्हा तारीख तीच निघाली.

ती पट्टी आम्ही बोर्डावर सर्वांत आधी लावली आणि तिच्यावर ‘हलवू नये’ असा शेरा दिला. बाकीचे 17 दिवस तिच्याभोवती रचले. आपणही याच क्रमाने जावे. ज्या दृश्यांची तारीख निसर्ग, सण किंवा सरकारी परवाना ठरवतो ती आधी बसवावीत, त्यानंतर बाहेरगावच्या कलाकारांच्या तारखा, आणि घरातल्या खोलीतली दृश्ये शेवटी, कारण ती कुठेही बसतात आणि ऐनवेळी आभाळ आले तर उपयोगी पडतात.

परवान्यांच्या रकान्यात प्रत्येक लोकेशनसमोर अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख अशा दोन्ही नोंदी हव्यात. गोव्यात चित्रीकरणाच्या परवानगीसाठी पहिले दार एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा हे आहे. जुन्या गोव्यातील संरक्षित चर्चसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची, तर मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर वन खात्याची संमती लागते, आणि आपला डिसेंबर नेमका विणीच्या हंगामात येतो. तिथे रात्री प्रखर दिवे लावण्याचा विचारही करू नये. ड्रोनचे दृश्य असेल तर दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्यामुळे त्या भागात ड्रोन सहज उडवता येणार नाही, हे लक्षात ठेवावे. कॅलेंडरमध्ये 3 डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, टाकावे. पूर्वतयारी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत करणार असाल तर इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत खोल्या आणि गाड्या मिळणे अवघड असते, हेही धरून चालावे. सूर्यास्त त्या दिवसांत सहाच्या सुमारास होतो. मे महिन्यात रेकी, म्हणजे लोकेशनची पाहणी, केली असेल तर संध्याकाळचा जवळपास एक तास कमी धरावा.

निर्मात्यांना पटवायचे असेल तर त्यांना ‘डे आउट ऑफ डेज’ हा तक्ता दाखवावा. कोणता कलाकार कोणत्या दिवशी रुजू होतो, काम करतो, नुसता थांबतो आणि मोकळा होतो, हे त्यात अक्षरांनी दिसते. आमच्या पहिल्या मांडणीत मुंबईहून येणाऱ्या अभिनेत्याचे काम पाच दिवसांचे आणि मुक्काम 13 दिवसांचा होता. पट्ट्या हलवून पाहिल्यावर तो आठवर आला. पाच दिवसांचे हॉटेल, जेवण आणि मानधन वाचले, आणि हे सारे एका दुपारी टेबलावर बसून झाले. एक्सेलमध्ये हाच हिशेब करता येतो, पण प्रत्येक फेरबदलानंतर नव्याने करावा लागतो आणि थकलेला माणूस रात्री अकराला तो करत नाही.

कोणते घ्यावे? मूव्ही मॅजिक शेड्यूलिंग हे व्यवसायातले जुने आणि भरवशाचे साधन आहे, परंतु त्यात अंदाजपत्रक येत नाही, त्याचे सॉफ्टवेअर वेगळे घ्यावे लागते. परदेशी सहनिर्माते तीच फाइल मागत असतील तरच त्या वाटेने जावे. आपल्यासाठी स्टुडिओबाइंडर किंवा सेलटेक्ससारखे ब्राउझरवर चालणारे साधन सोयीचे होईल. दोन्ही वापरून पाहा आणि वर सांगितलेली देवनागरीची चाचणी ज्यात उतरेल ते तयारी आणि चित्रीकरणाच्या महिन्यांपुरते घ्या. शेड्यूल बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, शक्यतो पहिल्या सहायक दिग्दर्शकाकडे. विभागप्रमुखांनी पाहावे, सूचना कराव्यात, पण पट्टी हलवू नये. दिवसाचा अहवालही त्याच रात्री भरावा. ठरलेल्या 40 हिश्शांपैकी प्रत्यक्षात किती झाले हे चौथ्या दिवशी कळले तर पटकथेत कात्री लावायला वेळ असतो, बाराव्या दिवशी नसतो.

सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागात किंवा एखाद्या बेटावर नेटवर्क जाते, म्हणून रोज संध्याकाळी सातपर्यंत कॉल शीट छापून घ्यावी. मानशीच्या दृश्याच्या आदल्या दिवशी आम्ही एक प्रत मराठीत, मोठ्या अक्षरांत छापली होती. मानसवाल्या काकांकडे साधा फोन होता, आणि त्या पहाटेच्या कॉल शीटवर सर्वांत आधीची वेळ, 4.45, त्यांच्याच नावासमोर होती.