वाचकांचे प्रश्न : उतरता खर्ज आणि स्थिर षड्ज

प्रश्न : मी फोंड्यात भजनाला हार्मोनियमची साथ करतो. पणजीत शिकणारा माझा मुलगा एका रॉक बँडमध्ये बेस गिटार (खर्जाचे स्वर देणारी गिटार) वाजवतो आणि ‘जर्मन संगीतकार बाख नसता तर रॉक नसते’ असे ठासून सांगतो. त्याच्या आवडत्या गाण्यांत अधूनमधून वाजणाऱ्या व्हायोलिनपलीकडे मला अभिजात असे काही सापडत नाही. या लोकांनी नेमके घेतले तरी काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रॉकचा पाया अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गानप्रकाराने घातला आणि त्यासाठी बाखची गरज पडली नाही. परंतु १९६५च्या सुमारास इंग्लंडमधील तरुण मंडळी त्या पायावर मजले चढवू लागली, तेव्हा त्यांनी युरोपच्या अभिजात संगीताकडून बरीच उसनवारी केली. व्हायोलिनविषयीची आपली शंका मात्र रास्त आहे. बीटल्सच्या ‘यस्टरडे’मध्ये (१९६५) निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी चार तंतुवाद्ये घातली, ती सुरेख आहेत, पण काढून टाकली तरी गाण्याचे फारसे बिघडत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘एलेनॉर रिग्बी’चे तसे नाही. तिथे बीटल्सपैकी कोणीही एकही वाद्य वाजवलेले नसून सगळी भिस्त आठ तंतुवाद्यांवर आहे, आणि वादक गज लांब न ओढता तुटक आघात करत असल्यामुळे ड्रम नसतानाही गाण्याचा ठेका चालू राहतो.

खरी उसनवारी मात्र वाद्यांत नाही, ती खर्जाच्या चालीत आहे. प्रोकोल हारम या बँडचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे १९६७चे गाणे मुलाकडून मागून घ्या. त्यातील ऑर्गनच्या सुरावटीखाली खर्जाचा स्वर एकेक पायरी खाली उतरत जातो. बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील (वाद्यवृंदासाठीच्या रचनामालिकेतील) ‘एअर’ ही रचनाही अशीच सुरू होते. गाणे त्या रचनेची नक्कल नव्हे. पण पायऱ्या उतरण्याची रीत तीच आहे. (या सुरावटीच्या श्रेयावरून वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००९मध्ये ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर यांची सहसंगीतकार म्हणून मान्यता तिथे कायम झाली. बाखच्या वतीने कोणी दावा लावला नाही, हे दोन्ही पक्षांचे नशीबच.)

ही रीत घरीच पडताळून पाहता येईल. आपण हार्मोनियमवर शुद्ध गंधार धरून ठेवा आणि मुलाला त्याच पट्टीत बेसवर सा, नी, ध, प असे सावकाश खाली उतरू द्या. आपला स्वर जागचा हललेला नसतानाही प्रत्येक पायरीला त्याचा रंग बदललेला जाणवेल. आणि मुलगा आणखी एक पायरी उतरून मध्यमावर पोहोचला की तोच गंधार टोचू लागेल व कान पुढच्या स्वराची वाट पाहू लागतील. आपल्याकडे षड्ज स्थिर असतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नाते सांगतात. तिथे खालची जमीनच सरकते आणि त्या सरकण्यातून भाव निर्माण होतो. आपल्याला अभिजात काही सापडत नाही याचे कारण, माझ्या मते, आपण वरची चाल ऐकता आणि घडामोड खाली होत असते. ती नेमकी मुलाच्या वाद्यावर होते, हे त्याला अवश्य सांगा.

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडने १९६९मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर आपले ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांचा कन्सर्टो (वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली दीर्घ कृती) सादर केला. त्याचा बराच गाजावाजा झाला; परंतु त्यात ऑर्केस्ट्रा आणि बँड आळीपाळीने बोलतात, एकमेकांशी क्वचितच. त्यापेक्षा त्याच बँडच्या ‘हायवे स्टार’मधील (१९७२) रिची ब्लॅकमोर यांचा गिटारचा तुकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे बाखच्या धर्तीचा कॉर्डांचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा) क्रम कोणताही समारंभ न करता अंगात मुरलेला आहे. पुढे स्वीडनच्या गिटारवादक यंग्वी मालमस्टीन यांनी इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीच्या वादनाचा वेग इलेक्ट्रिक गिटारवर आणला. त्यांच्या वादनात आपल्याला किरवाणीचे, कधी बसंतमुखारीचे स्वर ओळखू येतील. स्वर तेवढे तेच. राग शोधू नये.

प्रश्न : हिंदुस्तानी संगीताचा रॉकवरील प्रभाव म्हणजे केवळ सतारीची फॅशन होती का? (गायनाची एक विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर : सुरुवात तशीच झाली. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये (१९६५) त्यांचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली ती निराळ्या नादासाठी, पंडित रविशंकर यांच्याकडे त्यांची तालीम त्यानंतर, १९६६मध्ये सुरू झाली. खरा बदल बीटल्सच्याच त्या वर्षीच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये ऐकू येतो. त्यात तानपुऱ्याचा नाद आहे आणि जवळजवळ संपूर्ण गाणे एकाच आधारस्वरावर उभे आहे. वरच्या उत्तरात सांगितलेल्या सरकत्या खर्जाच्या हे अगदी उलट आहे : जमीन स्थिर राहते आणि वरचे सारे फिरते. पुढच्या वर्षी ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये हॅरिसन यांनी खमाज थाटाचे स्वर घेऊन भारतीय वादकांसह गाणे बांधले. भारतीय संगीताचा असा विचार त्यांच्या बरोबरीच्या फार थोड्या रॉक संगीतकारांनी केला असेल.

आणखी एक धागा महाराष्ट्राकडून जातो. ‘द हू’ या बँडच्या १९७१मधील ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा, ज्यांची समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला आहे. आणि ‘रायली’ म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. गाण्याच्या आरंभी सतत फिरत राहणारा स्वरांचा आकृतिबंध रायली यांच्या शैलीला वंदन करतो. हेच रायली किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले आणि त्यांनी अनेक वर्षे त्यांच्याकडे तालीम घेतली. आपण सकाळी तानपुरा जुळवताना जो अखंड षड्ज ऐकता, त्याचे आकर्षण या मंडळींना सतारीच्या झगमगाटानंतरही राहिले. म्हणून फॅशन हा शब्द मला अपुरा वाटतो.

प्रश्न : या देवाणघेवाणीत गोमंतकीयांचा काही वाटा आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : रॉकमध्ये थोडा, हिंदी चित्रपटसंगीतात फार मोठा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेजो, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीचे वाचन, आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिदोरीवर अनेक वादक मुंबईला गेले आणि स्टुडिओत कागदावरची सुरावट पाहताक्षणी वाजवू शकणारे लोक म्हणून त्यांना मागणी आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन व्हायोलिन शिकले; १९५८मध्ये गोन्साल्विस यांनी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि रागसंगीत यांचा मेळ घालणारा स्वतःचा वाद्यवृंदही उभा केला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजर (वाद्यमेळाची आखणी करणारे) म्हणून काम केले. त्यांची कामगिरी ऐकायची असेल, तर त्या काळच्या गाण्यांत गायक गात असतानाच त्याच्या आवाजामागे कान ठेवा : मागे व्हायोलिनांचा ताफा चालीला समांतर न जाता दुसरीच, स्वतंत्र चाल गात असतो. आपल्या गायकीत अशी दुसरी चाल नव्हती. ती या वादकांबरोबर मुंबईच्या स्टुडिओत आली.