तालमीत घाम गाळणाऱ्या मुलाचे डोके मागे पडते का?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पालकांकडून एक काळजी मला सतत ऐकू येते: मूल वर्षानुवर्षे कुस्तीच्या तालमीत जाते, अंगात ताकद भरते, पण डोके मठ्ठ तर होणार नाही ना?

खानापूर तालुक्यातील एक आई दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. "पाचवीपासून आखाड्यात आहे, मॅडम. अंग झालं, पण पुस्तक धरलं की ह्याचं डोकं चालत नाही." अभ्यासाचा विषय निघाला की मुलगा गप्प होई. कमतरता मोजण्याआधी मूल कशात तरबेज आहे हे पाहण्याची माझी पद्धत आहे, आणि तिने मला क्वचितच निराश केले आहे. म्हणून एका भेटीत मी पट काढण्याबद्दल, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या डावाबद्दल विचारले, "समोरचा पट काढणार, हे तुला कधी कळतं?"

त्याने मान वर केली. "हात यायच्या आधीच. त्याचा खांदा उतरतो, वजन पुढच्या पायावर जातं. तेवढ्यात मी पाय मागं टाकून वरून दाब देतो."

"हे तुला कुणी शिकवलं?" आईंनीच विचारले.

"वस्तादांनी. पण कळायला दोन-तीन वर्षं गेली."

आई त्याच्याकडे बघतच राहिल्या. खांद्याची ती बारीक हालचाल टिपणे हे मेंदूचेच काम आहे, हे मला त्यांना वेगळे समजवावे लागले नाही. दीर्घ सरावाने हालचाल ठरवणारी मेंदूतील जाळी आणि हालचालींचा मेळ साधणारा लहान मेंदू (अनुमस्तिष्क) बदलत जातात. जर्मनीत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिने एकाच वेळी तीन चेंडू हवेत उडवून झेलण्याची कसरत शिकलेल्यांच्या मेंदूत हलत्या वस्तू टिपणारा भाग वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर ती वाढ ओसरू लागली. अमेरिकेत 2011 च्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांमध्ये स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला होता.

मात्र कुस्तीमुळे गणित आपोआप येईल, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण मेंदू मुख्यतः ज्याचा सराव होतो त्यासाठीच घडतो. गणिताचा सराव वेगळा करावाच लागतो, पण शिकण्याची रीत त्या मुलाला ठाऊक होती: डाव तुकड्यांत फोडायचा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा. प्रमेये तो तशीच सोडवू लागला. पहाटेच्या तालमीसाठी रात्री लवकर झोपण्याचेही ठरले, कारण शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

पालकांनी खरी काळजी करायची ती डोक्याला लागलेल्या माराची. आपटल्यानंतर चक्कर, उलटी किंवा गोंधळलेपणा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत मुलाला आखाड्यात उतरू देऊ नये.