कोजागरी की कोजागिरी? आणि दूध मसाले की मसाला?

प्रश्न असा आला आहे. सोसायटीच्या फलकावर 'कोजागिरी पौर्णिमेनिमित्त गच्चीवर मसाला दूध व भेळ' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी लाल पेनाने 'कोजागरी' आणि 'मसाले दूध' अशी दुरुस्ती करून ठेवली. आता मंडळींत दोन तट पडलेत, तर बरोबर काय?

मूळ रूप 'कोजागरी'च. तेवढ्यापुरता लाल पेनवाल्याला मान द्यायला हवा. पण म्हणून 'कोजागिरी' खोडून टाकावी असं मात्र मला वाटत नाही. का, ते सांगतो.

शब्द आलाय 'को जागर्ति' या संस्कृत प्रश्नावरून. म्हणजे 'कोण जागं आहे?' आश्विनातल्या पौर्णिमेला मध्यरात्री लक्ष्मी हे विचारत फिरते, अशी समजूत. 'जागृ' हा धातू, त्यावरून 'जागर', आणि देवीच्या प्रश्नावरून व्रताचं नाव पडलं 'कोजागर'. त्या व्रताची पौर्णिमा ती कोजागरी. व्रतासंबंधीच्या श्लोकात एक गंमत आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. देवी धन देते म्हणते ते नुसत्या जाग्या माणसाला नव्हे, तर जागून फासे खेळणाऱ्याला! तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून रमी खेळत बसणाऱ्या काकालोकांना उगाच नावं ठेवू नयेत. त्या रात्रीचं शास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'जागृ' धातूचं संस्कृतातलं भूतकाळवाचक विशेषण 'जागरित'. 'जाग्रत्' म्हणजे जागा असलेला, हे वेगळं रूप. आपण मराठीत बिनदिक्कत वापरतो तो 'जागृत' या दोघांच्या मधला कुठलातरी. 'जागृत देवस्थान' ही पाटी पुसायला आजवर कुणी लाल पेन घेऊन गेल्याचं ऐकिवात नाही. मग एकट्या कोजागिरीवरच राग का?

आता 'ग'चा 'गि' कसा झाला ते पाहू. 'भाकरी', 'नोकरी', 'चाकरी', 'बाजरी' हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. लिहितो तीन अक्षरं, पण तोंडून निघतं 'भाक्री', 'नोक्री', 'चाक्री', 'बाज्री'. शेवटच्या दीर्घ 'ई'च्या आधीचा 'अ' मराठी माणूस गिळतो. त्या हिशेबाने 'कोजागरी'चं 'कोजाग्री' व्हायला हवं, आणि भरभर बोलणाऱ्यांच्या तोंडी ते होतंही. पण सणाचं नाव लोक ऐसपैस, लांबवून घेतात. मधलं अक्षर टिकवायचं तर त्याला ठसठशीत स्वर हवा. पुढे 'री' उभी आहेच, तिच्यासारखाच 'इ' मागच्या अक्षराला लागला. शिवाय 'कारागिरी', 'मुलुखगिरी', 'दादागिरी' अशा शब्दांनी कानाला '-गिरी'ची सवय होतीच. डोंगराशी किंवा दादागिरीशी कोजागिरीचा अर्थाने काही संबंध नाही, नुसती चाल जुळली. निदान मला तरी ही उपपत्ती पटते.

हे नाव वापरणाऱ्या बाकी भाषांनी मूळचा 'ग' जपलाय. बंगालीत 'कोजागरी लक्ष्मीपूजा' म्हणतात, आणि तिथे दुर्गापूजेनंतर घराघरांत होणारी लक्ष्मीची मोठी पूजा हीच. आपल्यासारखी दिवाळीतली नव्हे. मिथिलेत याच रात्री 'कोजागरा' असतो. नव्या जावयाच्या घरी त्याच्या सासुरवाडीहून मखाणे, पान, मिठाई जाते. गुजरातेत 'शरद पूनम' आणि दूध-पोहे. उत्तरेत 'शरद पूर्णिमा' आणि चांदण्यात ठेवलेली खीर. अलीकडे आपल्याकडच्या शुभेच्छांमध्येही 'शरद पौर्णिमा' दिसायला लागलीय. ती चूक नाही, पण घरात धडधाकट शब्द असताना शेजारून उसना कशाला आणायचा?

मुद्दा वापराचा आहे. नीट ऐकलंत तर मराठीत या दोन रूपांनी आपसांत कामं वाटून घेतलेली दिसतात. तिथी सांगायची असेल, पूजेबद्दल बोलायचं असेल, लेख लिहायचा असेल तर 'कोजागरी पौर्णिमा'. आणि 'यंदा कोजागिरी कुणाकडे?', 'कोजागिरीला किती लिटर दूध सांगू?', 'आमची कोजागिरी शनिवारी आहे' असं म्हणतो तेव्हा ती तिथी राहत नाही, तो बेत होतो. पौर्णिमा सोमवारी असताना कोजागिरी शनिवारी करता येते, कोजागरी नाही! निमंत्रणात 'पौर्णिमा' शब्द असेल तर 'कोजागरी' लिहा, नुसतं 'या, कोजागिरी करू' असं असेल तर बिनधास्त 'गि' ठेवा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. क्रियापदही बघा: मंगळागौर आपण 'जागवतो', कोजागिरी मात्र 'करतो'. नावातच जागणं असल्यामुळे क्रियापदाला ते पुन्हा सांगावं लागत नाही.

तिथीचा विषय निघाला की दरवर्षी एक गोंधळ होतो: कॅलेंडरात कोजागरी एका दिवशी आणि आश्विन पौर्णिमा दुसऱ्या दिवशी का? कारण देवी मध्यरात्री येते. ज्या दिवशीच्या मध्यरात्री पौर्णिमा असेल तो दिवस कोजागरीचा. बाकीच्या कामांना सूर्योदयाची तिथी बघतात. २०२४ मध्ये पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री साडेआठनंतर लागली आणि १७ तारखेच्या दुपारनंतर संपली. म्हणून दूध १६ला आणि नवान्न पौर्णिमा १७ला. २०२३ची तर वेगळीच पंचाईत. २८ ऑक्टोबरच्या त्या रात्री एक वाजून गेल्यावर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध पाळणाऱ्या घरांत दूध कधी प्यायचं, प्यायचं की नाही, यावर फोनाफोनी झाली. चंद्र बघायला जागणाऱ्यांना मात्र त्या वर्षी जागण्याचं दुप्पट निमित्त मिळालं.

या एकाच पौर्णिमेला आपल्याकडे नावंही किती! कोकणात ती 'नव्याची पुनव'. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल एकत्र बांधून दाराला लावायचं, त्या जुडीला म्हणतात 'नवं'. 'नवं बांधलं का?' असं तिथे विचारतात. विदर्भ-खानदेशात याच दिवशी भुलाबाईची सांगता. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्यात भुलाबाई-भुलोजी बसवायचे, गाणी म्हणायची, आणि झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते मुलींनी ओळखायचं. डबा कानाशी धरून हलवायचा, 'खुळखुळ वाजतंय, शेंगदाणे!' म्हणून ओरडायचं, आणि आत निघतात भाजलेले फुटाणे.

आणि याच दिवशी घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला आई ओवाळते, ती 'आश्विनी'. 'आज दादाची आश्विनी' हे वाक्य ऐकून धाकट्या भावंडांची तोंडं लहान होतात. इथे काना सांभाळा: नक्षत्र अश्विनी, महिना आश्विन, आणि हे ओवाळणं आश्विनी. त्या महिन्याची पौर्णिमा अश्विनी नक्षत्राच्या आसपास होते म्हणून महिन्याला ते नाव. 'अश्विन महिना' हे छापील मजकुरात तरी टाळावं. कोजागिरीला मी जी सूट दिली ती इथे देणार नाही, कारण इथे काना गेला की नक्षत्र आणि महिना यांतला फरकच जातो.

आता दूध. 'मसाले दूध' आणि 'मसाला दूध' दोन्ही चालतात, पण घरचा कान 'मसाले' म्हणतो. आपण 'मसालेभात' म्हणतो, 'मसालाभात' नाही. त्यातले मसाले अनेकवचनी: धने, जिरं, लवंग, दालचिनी असे बरेच. दुधातही वेलदोडा, जायफळ, केशर असे बरेच. 'मसाला डोसा', 'मसाला पापड', 'मसाला चहा' हे हॉटेलच्या पाटीवरून आलेले, तिथे 'मसाला' नुसतं विशेषणासारखं पुढे बसतं. फलकावर मी 'मसालेदूध' असा एकच शब्द लिहीन, मसालेभातासारखा. तुटक 'मसाला दूध' लिहिलंत तरी कुणी दूध कमी पिणार नाही.

हे दूध नुसतं 'उकळायचं' नसतं, 'आटवायचं' असतं, आणि हा फरक शब्दातही जपावा. उकळणं पाच मिनिटांचं काम. आटवण्यात दूध कमी होत जाणं आलं. विहीर आटते, ओढा आटतो, माया आटते; तेच क्रियापद. चार लिटरचं तीन लिटर होईपर्यंत मंद आचेवर उलथनं फिरवत उभं राहायचं, कडेला चिकटलेली साय खरवडून पुन्हा आत ढकलायची, चारोळी शेवटी. फार आटवलंत तर बासुंदी होईल, तिला वाटी लागते. मसालेदूध पेल्यातून पिण्याइतकं पातळ हवं.

दूधच का, हेही कुणी विचारेलच. व्रतात मुळात पोहे आणि नारळाचं पाणी सांगितलंय. दुधाचं नातं ऋतूशी आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरचं ऊन तापतं, आणि आयुर्वेद शरदात पित्त खवळतं म्हणतो. 'वैद्यानां शारदी माता' ही म्हण त्यातूनच आली: वैद्यांना आईसारखी पोसणारी ती शरद, इतके लोक आजारी पडतात. त्यावर गार चांदणं आणि दूध. सोबत तिखट भेळ कुठल्या वैद्याने सांगितली ते मात्र विचारू नका.

राहता राहिली पातेल्याच्या तळाशी चिकटून लालसर झालेली, चमच्याने निघते ती. तिला शब्द आहे 'खरवड'. फलकावर ती लिहू नका, नाहीतर पातेलं घासायला टाकण्याआधी रांग लागेल.