पीडीएफ उघडते, पण वाचता येत नाही

प्रश्न : मी महाविद्यालयात अर्थशास्त्र ऑनलाइन शिकवते. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आणि एक कर्णबधिर विद्यार्थी आहे. टिपणांच्या पीडीएफ आणि व्याख्यानांचे व्हिडिओ मी वेळेवर देते, तरीही दोघे मागे पडत आहेत. माझे कुठे चुकते?

उत्तर : आधी आपली एखादी पीडीएफ उघडा आणि त्यातील एक शब्द माउसने निवडता येतो का ते पाहा. येत नसेल, तर ते पान म्हणजे नुसते छायाचित्र आहे आणि एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) त्यात वाचण्याजोगे अक्षर बहुधा सापडत नाही. शब्द निवडता आला, तरी मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांना अक्षरे सारखीच ओळखता येणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसत असतानाच कानावर निरर्थक अक्षरे पडतात. हा दोष डोळस शिक्षकाच्या सहसा लक्षातच येत नाही. म्हणून युनिकोडमधील मूळ वर्ड फाइलच द्यावी आणि शीर्षके केवळ ठळक न करता ‘हेडिंग’ शैलीत ठेवावीत, म्हणजे विद्यार्थिनीला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर थेट जाता येईल.

आलेखांचे वर्णन मात्र आपल्यालाच लिहावे लागेल. ‘मागणी वक्राची आकृती’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘किंमत वाढते तशी मागणी घटते, म्हणून रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते’ असे लिहिले, तर आकृतीतला विचार तिच्यापर्यंत पोहोचतो. व्याख्यानातही ‘हे इथून इथे जाते’ असे न म्हणता काय कुठे जाते ते बोलून सांगावे.

कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी व्हिडिओखाली आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांवर (सबटायटल्सवर) विसंबू नये. ‘लवचिकता’सारख्या संज्ञा त्यात हमखास बिघडतात आणि नेमक्या त्याच परीक्षेत विचारल्या जातात, त्यामुळे ती एकदा वाचून दुरुस्त करावीत. विद्यार्थी सांकेतिक भाषा वापरत असेल, तर थेट तासाला दुभाष्याची चौकट त्याच्या पडद्यावर कायम राहील अशी सोय हवी.

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर चाचणी घेत असाल, तर एकाच विद्यार्थ्यासाठी वेळ वाढवून देता येतो. किती वाढवायचा, हे त्या दोघांना विचारूनच ठरवावे, आणि गुण नसलेली एक सराव चाचणी आधी घ्यावी, म्हणजे कुठले बटण कीबोर्डने दाबता येत नाही ते परीक्षेच्या दिवसाआधीच कळेल.